वचनपेटी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नाताळाच्या आधीच्या रविवारी ठाण्यात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) आवारात पुस्तकांचे टेबल लागले होते, तेथून मी १८० रुपयांना एक मराठी वचनपेटी घेतली. कोपरखैरण्याहून दर रविवारी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ठाण्याला उपासनेला जाणारी आमच्या घरची चार माणसे, म्हणजे मी, यजमान, सासूबाई आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा, गेले दहा महिने ती रोज वापरत आहोत. अशा वस्तूंविषयी लिहिताना आपल्याकडे ‘फार आशीर्वाद मिळाला’ एवढ्यावर भागवण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे घेणाऱ्याला पेटीची बिजागरी टिकते की नाही एवढेही कळत नाही. म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. बिजागरी टिकत नाही, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. साबणाच्या दोन वड्या मावतील एवढी ही पेटी जाड पुठ्ठ्याची असून वरून तिला रेग्झिनचे आवरण आहे. आत १५० कार्डे उभी रचलेली आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला फुलाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला बायबलमधील एक वचन, त्याखाली पुस्तकाचे नाव व अध्याय. सोबत पितळी रंगाचा एक छोटा चिमटा मिळतो. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी प्रत्येकाने चिमट्याने एक कार्ड उचलायचे, मोठ्याने वाचायचे आणि रांगेच्या शेवटी परत लावायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. पुष्कळ मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर येणाऱ्या वर्षाचे वचन म्हणून असेच एकेक कार्ड उचलायला देतात. ही पेटी म्हणजे त्याच प्रथेची रोजची आवृत्ती होय.

मराठीत ‘वचन’ हा शब्द दोन कामे करतो, आणि या पेटीचे बळ व तिचा धोका दोन्ही त्यात आहेत. बायबलमधील कोणत्याही वाक्याला आपण वचन म्हणतो आणि कोणी कोणाला दिलेल्या शब्दालाही वचनच म्हणतो. देवाने दिलेल्या शब्दासाठी पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, ‘अभिवचन’ असा वेगळा शब्द आहे, पण स्वयंपाकघरातल्या बोलण्यात तो क्वचितच येतो. परिणामी, चिमट्यात आलेले वाक्य मुळात कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले हे पाहण्याआधीच ते ‘आज मला मिळालेले वचन’ होऊन बसते. पेटीच्या झाकणावर याबद्दल एक ओळ जरी छापली असती, तरी माझी निम्मी तक्रार कमी झाली असती.

आधी छपाईविषयी. कागद बरा आहे, परंतु लॅमिनेशन नसल्यामुळे जुलैमध्ये खाडीकडची दमट हवा घरात शिरली तशी कार्डे पापडासारखी वळू लागली आणि मागच्या पाचसहा कार्डांना बुरशीचे ठिपके आले. तांदळाच्या डब्यात ठेवतात तशी ओल शोषणारी पुडी पेटीत ठेवल्यावर प्रकार थांबला. अक्षर सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल इतके ठळक आहे, ही मोठीच सोय. मात्र संगणकावरील अक्षरबदलाच्या वेळी काही जोडाक्षरे फुटली आहेत, आणि सात कार्डांवर अध्यायाचा आकडा आहे पण वचनाचा नाही. भाषाही एकसारखी नाही. काही कार्डे जुन्या वळणाच्या पवित्र शास्त्रातील, तर काही सोप्या मराठीतील आहेत. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील एका कार्डावर ‘संपत्त्यनुरूप’ हा शब्द पाहून मुलाने तो तीनदा वाचला आणि मग सोडून दिला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे आपले भाषांतर केले ते खेड्यातल्या बायाबापड्यांना कळावे म्हणून, आणि त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. त्यानंतर शंभर वर्षे उलटल्यावरही आपल्याला कार्डावर छापायला सोपा शब्द सापडू नये, याची गंमत वाटते.

छपाईतील खरा दोष मात्र काटछाटीचा आहे. एक कार्ड चक्क ‘म्हणजे’ या शब्दाने सुरू होते: म्हणजे त्यांच्याबरोबर याही सर्व गोष्टी तुम्हाला मिळतील. खाली मत्तय ६:३३, म्हणजे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील तेहतिसावे वचन. मराठी वाचणाऱ्या कोणालाही हे वाक्य मधूनच सुरू झाले आहे हे कळायला हवे, कारण ‘म्हणजे’च्या आधी काहीतरी असावेच लागते. जे आधी आहे ते असे की तुम्ही पहिल्याने देवाचे राज्य आणि त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा. झटणे कापले आणि मिळणे ठेवले. मार्क १०:३० च्या कार्डाचीही हीच गत झाली आहे. येशूसाठी घरदार सोडलेल्यास शंभरपट घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेते मिळतील, असे ते वचन आहे आणि कार्डावर ही सगळी यादी व्यवस्थित आली आहे. त्याच यादीत शेतांच्या लगोलग ‘छळणुकीबरोबर’ असे जे येते तेवढे मात्र गळले आहे. जागेअभावी गळले म्हणावे, तर त्या कार्डावर गुलाबाचे चित्र दोनदा छापलेले आहे.

आता वापराविषयी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यजमानांची नोकरी गेली. टी.टी.सी. (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील ज्या कारखान्यात त्यांनी १९ वर्षे देखभाल विभागात काम केले, त्याने तो विभाग बाहेरच्या राज्यात हलवला आणि इथल्या माणसांना हिशेब देऊन मोकळे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या चिमट्यात आलेले कार्ड होते यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हाला आशा देणारे आहेत, अशा अर्थाचे हे वचन माहीत नसलेला ख्रिस्ती माणूस ठाणे जिल्ह्यात सापडणे कठीण आहे; ते भिंतीवरच्या घड्याळांवर असते, रिक्षांच्या मागच्या काचेवर असते, लग्नपत्रिकांवरही असते. आम्ही सगळे गप्प झालो. त्या रविवारी मंडळीत ज्यांना ज्यांना बातमी कळली, त्यांतल्या निदान सहा जणांनी हेच वचन आम्हाला ऐकवले, आणि पुढच्या महिन्यातच काहीतरी होईल असा त्याचा अर्थही सांगितला.

दहा दिवसांनी, काहीच झाले नाही तेव्हा, मी तो संपूर्ण अध्याय वाचायला बसले. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवे होते. यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय म्हणजे यरुशलेमेतून बाबेलात (बॅबिलोनात) धरून नेलेल्या लोकांना पाठवलेले पत्र आहे. अकराव्या वचनाच्या अगदी वरच्या ओळीत, म्हणजे दहाव्यात, मुदत सांगितली आहे: सत्तर वर्षे. पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांच्या हयातीत परतीची गाडी नव्हती. आणि त्याच्याही आधी, पाचव्यापासून सातव्या वचनापर्यंत, त्यांनी दरम्यान काय करायचे ते लिहिले आहे: घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा व प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे.

त्याच्या आधीच्या, अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो. तो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळे परत येईल, आणि आपले म्हणणे ठसवण्यासाठी यिर्मयाने बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून मानेवर घेतलेले लाकडी जू काढून मोडून टाकतो. त्याचे शब्द ऐकायला अतिशय गोड आहेत. त्यांत देवाचे नाव आहे, मुदत आहे, आनंद आहे. वचनपेटी त्या काळी छापली असती, तर कार्डावर हनन्याच आला असता आणि यिर्मयाचे सत्तर वर्षांचे पत्र संपादकांनी बाजूला ठेवले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पाचव्या महिन्यात बोललेला हनन्या त्याच वर्षाच्या सातव्या महिन्यात मरण पावला, अशी नोंद त्या अध्यायाच्या शेवटी आहे. मंडळीतल्या आमच्या हितचिंतकांनी आम्हाला यिर्मयाचे वचन हनन्याच्या मुदतीसह दिले होते. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण हिशेब चुकला होता.

त्या दिवशी घरी यावर बरेच बोलणे झाले. यजमान म्हणाले, “म्हणजे सत्तर वर्षे थांबायचे काय?” सासूबाई म्हणाल्या, “थांबायचे नाही रे, बाग लावायची.” त्यांनी खरोखरच गॅलरीत कढीपत्ता आणि गवती चहा लावला, पण हे त्यांचे नेहमीचेच आहे, त्याचा संबंध मी वचनाशी जोडणार नाही. माझ्या मनात मात्र नगराच्या हिताची ती ओळ राहिली. नवी मुंबई ही ९५ गावांच्या जमिनींवर वसवलेली आहे. आमची इमारत उभी आहे ती जमीन कोणा आगरी कुटुंबाची भातखाचरे असणार. आम्ही अहमदनगरकडून (आताचे अहिल्यानगर) येथे आलो, आणि मनातून अजूनही ‘इथे काय, नोकरीपुरते’ अशी भाषा बोलतो. बाबेलात धरून नेलेल्या माणसांशी आमची बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल, कारण आम्हाला कोणी धरून आणले नाही. तरीही ज्या गावात आपण आहोत त्याच्या पाणीप्रश्नात, शाळेत, शेजारच्या गावठाणातल्या माणसांच्या सुखदुःखात मन घालणे हाच त्या हिताच्या संकल्पाचा अर्धा भाग आहे, हे मला १८० रुपयांच्या कार्डाने नव्हे, त्याच्या वरच्या सहा ओळींनी सांगितले. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला आहे की ज्याने कार्ड उचलले त्याने बायबल उघडून निदान आधीची व नंतरची पाचपाच वचने वाचायची. प्रार्थनेला आठ मिनिटे जास्त लागतात आणि मुलाची सात बावन्नची गाडी कधीकधी चुकते.

मुलाचाच विषय निघाला म्हणून सांगते. मे महिन्यात त्याच्या वाट्याला स्तोत्र ९१:११ आले, देव आपल्या दूतांना तुझ्या रक्षणाची आज्ञा देईल असे. त्या संध्याकाळी तो मित्राच्या स्कूटरवर पामबीच मार्गाने बेलापूरला निघाला तेव्हा हेल्मेट टेबलावरच राहिले. मी हटकले तर हसून म्हणाला, “आई, सकाळी वचन मिळालंय ना.” मी त्याला दारातच उभे करून मत्तय ४:६ वाचायला लावले. येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून ‘खाली उडी टाक’ म्हणणाऱ्या सैतानाने नेमके हेच वचन उद्धृत केले होते, आणि उद्धृत करताना ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळले होते. काटछाटीची कला कार्डे छापणाऱ्यांच्या आधीपासून चालत आली आहे, ती अशी. येशूने ते स्तोत्र खोटे ठरवले नाही. त्याने अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील सोळावे वचन त्याच्या शेजारी ठेवले, की परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. वचनावर भरवसा ठेवणे आणि वचनाच्या जोरावर देवाला कामाला लावणे यांत जे अंतर आहे, ते या एका प्रसंगाइतके स्पष्ट मला कोणत्याही प्रवचनातून कळलेले नाही. मुलाने हेल्मेट घेतले. मित्राकडे हेल्मेट नव्हतेच, त्यामुळे दोघे शेवटी बसने गेले.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील दोन कार्डे पेटीत आहेत. त्यांतले तेरावे वचन, म्हणजे मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे हे, परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे हातोहात फिरते. माझ्या भाचीने दहावीच्या गणिताच्या पेपरला जाताना ते कंपासपेटीत ठेवले होते. प्रेषित पौलाने ते बंदिवासात लिहिले, आणि ‘सर्वकाही’ म्हणजे काय ते बाराव्या वचनात त्यानेच सांगितले आहे: पोटभर मिळणे आणि उपाशी राहणे, विपुलता आणि टंचाई, दोन्हींत राहण्याचे शिक्षण. गणितात गुण मिळण्याबद्दल त्यात काही नाही, पण गुण कमी मिळाल्यावर वाचण्यासाठी ते उत्तम आहे.

दुसरे कार्ड एकोणिसाव्या वचनाचे, देव तुमची सर्व गरज पुरवील हे, आणि ‘संपत्त्यनुरूप’ तेच. हे मी मार्चमध्ये उचलले, जेव्हा हिशेबाच्या पैशांतून सोसायटीची थकबाकी आणि कॉलेजची फी गेली होती आणि किराण्याची यादी मी दुकानात जाण्यापूर्वी दोनदा खोडत असे. नियमाप्रमाणे वरची वचने वाचली तेव्हा कळले की ही ओळ मुळात एका वर्गणीच्या पोचपावतीतली आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पौलाला मदत पाठवली होती, ती मिळाल्याचे तो कळवतो आणि त्यानंतर हे म्हणतो. ज्यांनी पाठवले ते श्रीमंत नव्हते. मासेदोनियातल्या मंडळ्यांच्या कमालीच्या दारिद्र्याचा उल्लेख पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात करतो. म्हणजे हे अभिवचन अशा लोकांना दिलेले आहे ज्यांनी आपल्या तुटपुंज्यातून दुसऱ्याची गरज नुकतीच भागवली होती. मी यादी खोडत बसलेली बाई, ती ओळ माझ्या पत्त्यावर लिहिलेली नव्हती. मी तर त्या गोष्टीत पौलाच्या बाजूला, घेणाऱ्याच्या बाजूला होते. हे ध्यानात येण्याच्या त्याच आठवड्यात आमच्या महिला मंडळातील एक ताई, ज्यांचे यजमान रिक्षा चालवतात, दहा किलो कोलम तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ घेऊन तीन मजले चढून आल्या. मला लाज वाटली. मी नाही म्हणत होते तर त्या म्हणाल्या, “वहिनी, नाही म्हणू नका, माझं वचन अडकेल.” त्यांच्या या वाक्यात त्या अध्यायाचा अर्थ जितका बरोबर उतरला होता तितका कार्डावर उतरलेला नाही.

चिठ्ठी उचलण्याच्या पद्धतीविषयी काहींचा आक्षेप असतो की ही तर पोपटवाल्याची रीत झाली. आक्षेप अगदीच निराधार नाही. तरी या पद्धतीला ख्रिस्ती इतिहासात एक जुना आणि सभ्य आधार आहे. जर्मनीतल्या हर्नहूट या गावी मोराव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७२८ पासून दररोज एक वचन ठरवून ते घरोघर पोहोचवण्याची प्रथा सुरू केली, आणि १७३१ पासून वर्षभराची वचने छापून निघू लागली ती आजतागायत निघत आहेत. तेथेही जुन्या करारातील वचन चिठ्ठीनेच निघते. मात्र त्याला जोडून नव्या करारातील वचन माणसे विचार करून निवडतात. आणि महत्त्वाचे म्हणजे सगळ्या गावाला त्या दिवशी एकच वचन असते. आमच्या पेटीत प्रत्येकाला वेगळे मिळते, त्यामुळे ‘मला चांगलं आलं, तुला काय आलं’ अशी तुलना सुरू होते, जणू दिवाळीतले गिफ्ट पॅक उघडत आहोत. जूनपासून आम्ही चौघांत मिळून एकच कार्ड उचलतो. हा बदल मी सर्वांना सुचवीन. त्यामुळे १५० कार्डे पुरतातही जास्त दिवस.

सोडतीचा आणखी एक प्रकार आमच्या घराने अनुभवला आहे. एका सरकारी गृहयोजनेच्या सोडतीत आम्ही तीन वेळा अर्ज भरला आणि तिन्ही वेळा नाव निघाले नाही. दुसऱ्या वेळी एका वडीलधाऱ्या सभासदांनी ‘तुझ्या संततीला मी हा देश देईन’ हे अब्राहामाला दिलेले अभिवचन आमच्या अर्जाच्या प्रतीवर पेनने लिहून दिले होते. ते कार्ड या पेटीतही आहे. भाड्याच्या घरात बसून मी अब्राहामाच्या कथेचा हिशेब मांडला तो असा: बोलावणे आले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता, अभिवचनाचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. मधल्या २५ वर्षांत धीर सुटून पत्नी सारेची दासी हागार हिच्यापासून मूल मिळवण्याचा मार्ग धरला, त्यातून इश्माएल झाला तेव्हा तो ८६ चा होता. आणि ज्या देशाचे अभिवचन मिळाले त्या देशात अब्राहामाच्या सातबाऱ्यावर चढलेली आपल्याला माहीत असलेली एकमेव जमीन म्हणजे मकपेलाचे शेत आणि त्यातली गुहा, तीही सारेला पुरण्यासाठी, एफ्रोन हित्तीला ४०० शेकेल रुपे मोजून घेतलेली. दफनभूमीएवढी जमीन पदरात पडलेल्या माणसाला नवा करार विश्वासाचा बाप म्हणतो. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तर अशा पुष्कळांची नावे घेऊन सरळ सांगितले आहे की ही माणसे अभिवचनांची फळे न मिळता, ती दुरून पाहून, विश्वासात मेली. हे वचन पेटीत नाही. अब्राहामाला देशाचे अभिवचन देणारे कार्ड आहे, देश न मिळाल्याचे नाही.

पेटीत काय नाही याची यादी मी एकदा करायला घेतली आणि सोडून दिली, कारण ती पेटीपेक्षा मोठी होऊ लागली. ‘जगात तुम्हाला क्लेश होतील’ हेही येशूचेच अभिवचन आहे, आणि सर्वांत नियमितपणे पूर्ण होणारे आहे. योहान १६:३३ चे कार्ड आहे, पण ‘धीर धरा’पासून पुढचे. ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ असे विचारणारे तेरावे स्तोत्र नाही. ज्याचा शेवट अंधारातच होतो ते अठ्ठ्याऐंशीवे तर नाहीच नाही. इब्री १३:५ मधील ‘मी तुला सोडून जाणार नाही’ हे आहे, आणि ते असावेच. पण ते ज्या वाक्यात येते त्या वाक्याचा आरंभ पैशाचा लोभ धरू नका, जवळ आहे तेवढ्यात तृप्त असा, असा आहे, तो नाही. वास्तविक हा आरंभ त्या अभिवचनाला कमी करत नाही, उलट ते कुठे राहायला येते ते दाखवतो.

यजमानांना ऑगस्टमध्ये रबाळ्याला काम मिळाले, आधीच्या पगाराच्या दोनतृतीयांशावर. मंडळीत साक्ष द्या, यिर्मयाचे वचन पूर्ण झाले, असे आग्रहाने सांगण्यात आले. त्यांनी उभे राहून देवाचे आणि तांदूळ आणणाऱ्या ताईंचे आभार मानले, पण वचन पूर्ण झाले असे म्हणायचे त्यांनी टाळले. परत येताना गाडीत मी कारण विचारले तेव्हा म्हणाले की काम मिळाले नसते तरी ते वचन खोटे ठरले नसते, मग मिळाले म्हणून खरे ठरले असे कसे म्हणू. घणसोली येईपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.

आता पेटी घ्यावी की नाही. ज्या घरात बायबल रोज उघडले जाते त्या घराने अवश्य घ्यावी. १८० रुपयांत वर्षभर रोज एका अध्यायात शिरण्याचे दार मिळते, आणि लहान मुलांना चिमट्याचे आकर्षण फार असते. ज्या घरात बायबल कपाटावर असते, तेथे पेटी भेट देण्याआधी मी विचार करीन, कारण तेथे कार्ड हेच बायबल होऊन बसेल. आजारी माणसाच्या उशाशी ठेवायला ती चांगली आहे, परंतु बरे होण्याची सगळी कार्डे वर रचून देऊ नका; माझ्या एका नातलगाच्या बाबतीत हे झाले आणि शेवटच्या आठवड्यात त्यांनी पेटीकडे पाहणे सोडून दिले होते. पुस्तकांच्या टेबलावरच्या भाऊंना मी अपुऱ्या कार्डांची यादी दिली आहे. पुढच्या छपाईच्या वेळी कळवतो म्हणाले.

सासूबाई सुरुवातीपासून पेटीपेक्षा आपल्या वडिलांच्या जुन्या बायबलावर जास्त विसंबून आहेत. त्या पुस्तकाच्या समासात वडिलांनी पेन्सिलीने तारखा लिहिल्या आहेत, कोणत्या वचनाने कोणत्या दिवशी हात धरला त्याच्या. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायात, अंजिराचे झाड फुलले नाही, शेतांत पीक आले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, या ओळींपाशी फक्त ‘१९७२’ एवढेच आहे. त्या दुष्काळात सासूबाई पंधरा वर्षांच्या होत्या, नगरकडे खडी फोडण्याच्या कामावर आईबरोबर जात होत्या, आणि सुकडी व लाल मिलो ज्वारीची भाकरी खाऊन राहिल्या होत्या. हे वचन पेटीत नाही असे कळल्यावर त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेचा मागचा भाग कापून त्यावर ते पुरे लिहिले आणि कार्डांमध्ये सरकवून दिले. पत्रिकेचा कागद जाड असल्यामुळे ते कार्ड चिमट्यात लगेच ओळखू येते, आणि मुलगा हमखास ते सोडून शेजारचे उचलतो.